सर्व्हर तुमच्या टेबलावर आहे

गेल्या महिन्यात एका उत्तरात मी जाता जाता लिहिलं होतं की लांबच्या लिनक्स मशीनवरचा प्रोग्रॅम आपल्या पीसीच्या पडद्यावर बघता येतो. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून हाच विषय घेते आहे. पत्रं थोडी कापली आहेत.

ताई, आमच्या विभागात एक दणकट लिनक्स मशीन आहे, सगळी आकडेमोड त्याच्यावर चालते. माझ्याकडे साधा विंडोजचा लॅपटॉप. तिकडचा आलेख काढणारा प्रोग्रॅम मला माझ्या स्क्रीनवर हवा आहे. एक जण म्हणतो एक्समिंग टाक, दुसरा म्हणतो व्हीसीएक्सएसआरव्ही, तिसरा म्हणतो मोबाएक्सटर्म घे आणि मोकळा हो. तिघंही म्हणतात, हा ‘एक्स सर्व्हर’ आहे. पण सर्व्हर तर तिकडे आहे ना? मी माझ्या लॅपटॉपवर सर्व्हर कशाला बसवू? (एक संशोधक विद्यार्थी)

शेवटचा प्रश्न विचारलास म्हणून तुझं पत्र सगळ्यात वर घेतलं. याच घोळात माझ्या नोकरीचा पहिला आठवडा गेला होता. माझ्या टेबलावर तेव्हा एक्स टर्मिनल असायचं. मॉनिटर, कीबोर्ड, माउस आणि नेटवर्कची वायर. आत डिस्क नाही, स्वतःचं सॉफ्टवेअरसुद्धा ते सकाळी नेटवर्कवरून ओढून घ्यायचं. एक दिवस पडदा गोठला. वरिष्ठ म्हणाले, “एक्स सर्व्हर रीस्टार्ट कर.” मी सरळ मशीन रूममध्ये गेले आणि मोठ्या मशीनवर ‘एक्स सर्व्हर’ नावाची प्रोसेस शोधत बसले. अर्ध्या तासानं तिथल्या ऑपरेटरला दया आली. म्हणाला, “बाई, तुमच्या टेबलावरचा डबा बंद करून चालू करा. तोच सर्व्हर.”

सर्व्हर म्हणजे सेवा देणारा. इथे सेवा आहे पडद्यावर चित्र काढून देण्याची आणि कळ दाबली, माउस हलला याची खबर पोहोचवण्याची. पडदा तुझ्याकडे, म्हणून सर्व्हर तुझ्याकडे. लांबच्या मशीनवरचा आलेखाचा प्रोग्रॅम हा गिऱ्हाईक, म्हणजे क्लायंट. तो नेटवर्कवरून सांगतो, अमुक मापाची विंडो उघड, इथून तिथे रेघ मार, आणि तुझा लॅपटॉप ते करतो. ही रचना 1984 साली एमआयटीत झाली. त्याआधी ‘डब्ल्यू’ नावाची एक विंडो पद्धत होती, तिच्या पुढचं अक्षर म्हणून हिचं नाव ‘एक्स’. तिची अकरावी आवृत्ती 1987 च्या सप्टेंबरात आली, आणि अजूनही आपण अकरावीच वापरतो. म्हणून जिथेतिथे ‘एक्स11’ लिहिलेलं दिसतं.

आता निवड. तू मशीनच्या किती जवळ बसतोस हे पत्रात लिहिलं नाहीस. विभागातल्याच नेटवर्कवर असशील असं धरून उत्तर देते. घरून करणार असशील तर यापुढचं पत्रही वाच, कारण तिथे उत्तर बदलतं.

लॅपटॉपवर विंडोज 11 असेल तर आधी काहीही डाउनलोड करू नकोस. विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची जी डब्ल्यूएसएल सोय आहे, तिच्यात 2021 पासून डब्ल्यूएसएलजी हा भाग आला आहे, आणि त्याच्या पोटात एक्स सर्व्हर आहेच. डब्ल्यूएसएलचं टर्मिनल उघडायचं, तिथूनच एसएसएच करायचं, म्हणजे सुरक्षित जोडणीनं तिकडच्या मशीनवर लॉगिन करायचं, आणि कमांडला कॅपिटल वाय हा पर्याय लावायचा. तिकडची विंडो इकडे उघडते. पुष्कळ लोक हे माहीत नसल्यामुळे वर आणखी एक एक्स सर्व्हर चढवतात आणि मग दोघांच्या भांडणात अडकतात. कॅपिटल एक्सचाही पर्याय असतो. तो जास्त सावध, पण काही प्रोग्रॅम त्यात कोसळतात आणि मुळातल्या सेटिंगप्रमाणे वीस मिनिटांनंतर नव्या विंडो उघडू देत नाही. डेबियन आणि उबुंटूवाल्यांनी मात्र आपल्याकडे दोन्ही पर्याय सारखेच करून टाकले आहेत. त्यामुळे ‘माझ्याकडे चालतं, तुझ्याकडे का नाही’ ही चर्चा रंगते.

डब्ल्यूएसएल नको असेल किंवा टाकू देत नसतील, तर तुझ्या तिसऱ्या मित्राचं ऐक. मोबाएक्सटर्ममध्ये टर्मिनल, एसएसएच, फाइल पाठवणं आणि एक्स सर्व्हर एकाच ठिकाणी आहे. इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरून चालणारी प्रतही मिळते. फुकट आवृत्तीत 12 सेशन आणि 2 टनेल (एसएसएचच्या आतून काढलेल्या सुरक्षित वाटा) एवढीच साठवता येतात, विद्यार्थ्याला ती पुरून उरतात. ऑफिसात वापरणाऱ्यांनी परवान्याच्या अटी वाचून घ्याव्यात.

पुटीची, म्हणजे विंडोजवरून एसएसएच करायच्या प्रोग्रॅमची, सवय असेल आणि ती मोडायची नसेल तर सोबत व्हीसीएक्सएसआरव्ही. तोही फुकट, आणि काम चोख. एक्समिंगचं म्हणशील तर त्याची सर्वांना मोकळी असलेली आवृत्ती 2007 ची आहे, नंतरच्या देणगी देणाऱ्यांसाठी. जुन्या प्रॅक्टिकलच्या झेरॉक्समध्ये त्याचं नाव छापलं गेलं म्हणून ते अजून तोंडोतोंडी चालतं. त्याच्यावर राग नाही माझा, बरीच वर्षं त्यानं माझं काम केलं. पण आज नव्यानं टाकायला कारण नाही. एक्सीड, रिफ्लेक्शन एक्स, एक्स-विन32 ही विकतची मंडळी. संस्थेनं घेऊन दिलं असेल तर आनंदानं वापर, स्वतःच्या खिशातून तुला गरज नाही.

पुटीत करायचं एवढंच: डावीकडच्या यादीत कनेक्शन, त्याखाली एसएसएच, त्याखाली एक्स11. तिथे ‘एक्स11 फॉरवर्डिंग’वर टिक. मग सेशनच्या पानावर परत येऊन सेव्ह. हे सेव्ह करायला माणसं विसरतात आणि दुसऱ्या दिवशी मला पत्र लिहितात.

लॉगिन झाल्यावर ‘डिस्प्ले’ या व्हेरिएबलमध्ये काय आहे ते छापून बघ. ‘लोकलहोस्ट, विसर्गचिन्ह, दहा’ असं काहीतरी दिसलं तर जोडणी झाली. दहाच का, तर खऱ्या पडद्यांसाठी एसएसएच पहिले दहा आकडे सोडून देतं. पडदा शून्यचं पोर्ट (नेटवर्कवरच्या दाराचा क्रमांक) 6000, म्हणून दहाव्याचं 6010. काहीच छापलं नाही तर दोषी दोघांपैकी एक: तिकडच्या एसएसएचच्या सेटिंगमध्ये एक्स11 फॉरवर्डिंग बंद आहे, किंवा तिकडे ‘एक्सऑथ’ हा चिमुकला प्रोग्रॅम बसवलेला नाही. दोन्ही कामं तिकडच्या ॲडमिनची. त्याला ‘चालत नाही’ असं लिहू नकोस, या दोन गोष्टी नावानिशी लिही. पाच मिनिटांत होईल. आणि छापून आलं पण त्यात तुझ्या जुन्या लॅपटॉपचा आयपी दिसला, तर तुझ्याच लॉगिनच्या फाइलमध्ये कधीतरी कुणाच्या सांगण्यावरून टाकलेली ओळ बसली आहे. ती काढ. हा व्हेरिएबल एसएसएच स्वतः भरतं, हातानं भरायचा नसतो. सगळं जमलं की पहिल्यांदा ‘एक्सक्लॉक’ चालवून बघ. घड्याळ उमटलं की मग तुझा आलेख.

एक गोष्ट कुणी सांगितली तरी करू नकोस. व्हीसीएक्सएसआरव्ही सुरू करताना ‘डिसेबल ॲक्सेस कंट्रोल’ असा एक चौकोन येतो. ‘त्यावर टिक मार, सगळं चालतं’ असा सल्ला तुला मिळेल. चालतं, खरंच. आमच्या काळी याच अर्थाची ‘एक्सहोस्ट प्लस’ ही कमांड होती आणि मी ती रोज सकाळी डोळे मिटून द्यायचे. एके दिवशी एक विंडो बाजूला सरकवली तर तिच्याखालून दहाबारा झुरळं सैरावैरा पळाली आणि दुसऱ्या विंडोखाली जाऊन लपली. किंचाळले मी. ‘एक्सरोच’ नावाचा प्रोग्रॅम होता तो, शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्यानं त्याच्या मशीनवरून माझ्या पडद्यावर सोडलेला. सगळे हसले, मीही हसले. मग त्यानंच शांतपणे सांगितलं की ज्या दारानं झुरळं आली त्याच दारानं तो माझी प्रत्येक कळ वाचू शकला असता, पासवर्डसकट. एक्समध्ये पडद्याशी जोडला गेलेला कुठलाही प्रोग्रॅम दुसऱ्याच्या कळा ऐकू शकतो, रचनाच तशी आहे. एसएसएचमधून जोडणी केलीस की त्या चौकोनाची गरजच उरत नाही. तरीसुद्धा ज्या मशीनच्या ॲडमिनवर तुझा भरवसा नाही, तिथून विंडो आणू नकोस.

मॅडम, ऑफिसात हेच सगळं झकास चालतं. घरून व्हीपीएन लावून तोच प्रोग्रॅम उघडला की मेनू खाली यायला चहा करून यावा इतका वेळ लागतो. घरचं कनेक्शन 100 एमबीपीएसचं आहे, आता 300 चं घेऊ का?

घेऊ नका.

एक कारकून आहे, त्याला प्रत्येक कागदावर सही घ्यायला दहा मजले चढून वर जावं लागतं आणि सही मिळाल्याशिवाय तो पुढचा कागद उचलत नाही. तुम्ही जिना तिप्पट रुंद केला. काम लवकर होईल का? एमबीपीएस म्हणजे जिन्याची रुंदी. तुमचा त्रास मजल्यांचा आहे.

एक्सचे प्रोग्रॅम, विशेषतः उघडताना, पडद्याला एकामागून एक प्रश्न विचारत सुटतात: या नावाचा क्रमांक काय, ही सोय आहे का, त्या विंडोचा हा गुणधर्म काय. कित्येकदा उत्तर येईपर्यंत प्रोग्रॅम तसाच उभा राहतो. समजा अशा 600 फेऱ्या झाल्या. ऑफिसात एक फेरी 1 मिलिसेकंदाची, म्हणजे सगळं मिळून अर्ध्या सेकंदाच्या आसपास, तुम्हाला जाणवलंही नाही. घरून फेरी 120 मिलिसेकंदांची झाली तर 72 सेकंद. झाला तुमचा चहा. घरून त्या मशीनला पिंग करा आणि वेळेचा आकडा बघा. एकआकडी असेल तर साधा एक्स चालतो. चाळिशीच्या वर गेला की मी नाद सोडते.

मग दोन वाटा. पहिली एक्सटूगो. ते ज्या तंत्रावर उभं आहे त्याचं नाव एनएक्स. ते मध्ये बसतं, या बारीकसारीक प्रश्नांची उत्तरं शक्य तितकी तिथल्या तिथे देतं आणि एकदा पाठवलेलं चित्र लक्षात ठेवतं. सगळं एसएसएचमधूनच जातं, त्यामुळे वेगळं पोर्ट उघडून मागावं लागत नाही. फक्त तिकडे एक्सएफसीई किंवा माटे असा हलका डेस्कटॉप बसवून घ्या, नव्या ग्नोम डेस्कटॉपशी याचं जमत नाही. दुसरी वाट व्हीएनसी. इथे तिकडच्या मशीनवर एक अदृश्य पडदा तयार होतो आणि त्याचं नुसतं चित्र तुमच्याकडे येतं. टायगरव्हीएनसी चांगलं आहे. पण त्याचं 5901 पोर्ट उघडं टाकू नका, एसएसएचच्या टनेलमधून न्या. व्हीएनसीच्या जुन्या साध्या पासवर्ड पद्धतीत पहिली आठच अक्षरं मोजली जातात. तुम्ही सोळा अक्षरांचा पासवर्ड ठेवून निर्धास्त झोपत असाल तर उरलेली आठ शोभेची आहेत.

दोन्हींचा आणखी एक फायदा आहे, आणि माझ्या मते तो वेगापेक्षा मोठा. साध्या एक्समध्ये लॅपटॉपचं झाकण मिटलं किंवा वायफाय गेलं की जोडणी तुटते आणि तिकडचा प्रोग्रॅम मरतो. न साठवलेलं काम त्याच्याबरोबर जातं. एक्सटूगोमध्ये सेशन निजवून ठेवता येतं, व्हीएनसीमध्ये ते मुळात तिकडेच राहतं. संध्याकाळी ऑफिसात अर्धवट सोडलेली विंडो रात्री घरी जशीच्या तशी उघडते. पूर्ण डेस्कटॉप नको, एकदोनच विंडो अशा जगवायच्या असतील तर एक्सप्रा बघा. मी स्वतः हल्ली घरून तेच वापरते.

ताई, विंडो छान येते, पण मराठी मजकुराच्या जागी चौकोन दिसतात. लॅपटॉपवर सगळे मराठी फॉन्ट आहेत. चार नवे आणून टाकले, तरी चौकोनच.

आणखी चाळीस टाकलेत तरी चौकोनच दिसतील. फॉन्ट तिकडच्या मशीनवर हवा. आजचे प्रोग्रॅम अक्षर स्वतः घडवतात, म्हणजे ‘क्ष’ कसा जोडायचा, वेलांटी कुठे बसवायची हे सगळं तिकडेच ठरतं, आणि तयार झालेलं अक्षराचं चित्र तुमच्या पडद्याकडे येतं. तुमच्या लॅपटॉपवरच्या फॉन्टना कुणी विचारतच नाही. ॲडमिनला लोहित देवनागरी किंवा नोटो सॅन्स देवनागरी बसवायला सांगा. ॲडमिन दाद देत नसेल तर तिकडच्या तुमच्या होम डिरेक्टरीत फॉन्टचा फोल्डर करून फाइल तिथे ठेवली तरी चालतं. मग प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडा.

फार जुने, मोटिफ पद्धतीचे प्रोग्रॅम मात्र बरोबर उलटे वागतात. ते अक्षरांसाठी पडद्याकडेच, म्हणजे तुमच्या एक्स सर्व्हरकडे फॉन्ट मागतात, आणि तो नसला की टर्मिनलमध्ये तक्रारींची रांग लागते. तिथे एक्स सर्व्हरबरोबर मिळणारे जुने फॉन्ट इकडे बसवावे लागतात. तुमचा प्रोग्रॅम युनिकोड मराठी दाखवू बघतो आहे, म्हणजे तो या जातीचा नाही.

आमच्या वाचनालयात दहा जुने पीसी धूळ खात आहेत. एक बरा सर्व्हर घेऊन या दहांचे नुसते टर्मिनल करता येतील का? वाचकांना लॉगिनचा पूर्ण पडदा दिसावा, त्यांना वेगळं काही करावं लागू नये. एक्सडीएमसीपी नावाचं काहीतरी असतं असं ऐकलं. (ग्रंथपाल)

बरोबर ऐकलंत. टर्मिनल चालू झालं की यूडीपीच्या 177 पोर्टवर हाक मारायची आणि मोठ्या मशीननं आपला लॉगिनचा पडदा पाठवायचा, असा तो प्रकार. माझ्या टेबलावरचा तो डबा हेच करायचा. व्हीसीएक्सएसआरव्हीतसुद्धा सुरुवातीला हा पर्याय मिळतो. पण आज मी तुम्हाला तो सुचवणार नाही. सगळी वाहतूक उघडी असते, वाचकानं टाकलेला पासवर्ड त्याच नेटवर्कवरच्या कुणालाही वाचता येतो. शिवाय हाक तुम्ही मारता, पण पडद्याची जोडणी तिकडून उलटी येते, त्यामुळे मध्ये फायरवॉल किंवा राउटर असला की काळा पडदा आणि मध्यभागी एक फुली, एवढंच दिसत राहतं. आणि लिनक्सचं जगही वेलँडकडे, म्हणजे एक्सची जागा घेणाऱ्या नव्या पद्धतीकडे, सरकलं आहे. 2025 मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स 10 मधून एक्सऑर्ग हा लिनक्सवरचा जुना एक्स सर्व्हर काढूनच टाकला. (वरच्या विद्यार्थ्यानं घाबरू नये. एकेक विंडो आणायला तिकडे एक्स सर्व्हर लागत नाही, ग्राफिक्स कार्डसुद्धा लागत नाही.)

तुमच्यासाठी सोपं म्हणजे मोठ्या मशीनवर लिनक्स आणि त्यावर एक्सआरडीपी, म्हणजे तिथला डेस्कटॉप ‘रिमोट डेस्कटॉप’ पद्धतीनं दुसरीकडे दाखवणारा प्रोग्रॅम. जुन्या पीसींवर हलकं लिनक्स टाकायचं आणि चालू झाल्याबरोबर रिमोट डेस्कटॉपचा क्लायंट पूर्ण पडदाभर उघडेल असं करून ठेवायचं. एखाद्यावर विंडोज ठेवलंत तर हा क्लायंट त्याच्यात आयता असतो. लिनक्सवाले तुम्हाला एलटीएसपी, म्हणजे पीसी नेटवर्कवरून सुरू करून देणारी सोय, सुचवतील. ते उत्तम आहे, पण 2019 मध्ये ते नव्यानं लिहिलं गेल्यापासून त्यात साधारणपणे प्रोग्रॅम टर्मिनलच्याच प्रोसेसरवर आणि मेमरीत चालतात, नेटवर्कवरून फक्त सिस्टिम येते. धूळ खाणाऱ्या पीसीत 1 जीबी मेमरी असेल तर ब्राउझर उघडताच तो मान टाकेल.

आणि सर्व्हर घेताना मेमरीत हात आखडू नका. दहा वाचक म्हणजे दहा ब्राउझर, एकाच मशीनमध्ये. प्रोसेसर बऱ्याचदा रिकामा बसतो, मेमरी आधी संपते. आधी दोन पीसी जोडा, दोन माणसं खरीखुरी आठवडाभर बसवा, मेमरी किती खाल्ली ते लिहून ठेवा आणि मग पाचानं गुणा. मी एकदा हे न करता सोळा टर्मिनलं एका दमात लावली होती. उद्घाटनाच्या दिवशी सोळा जणांनी एकदम लॉगिन केलं आणि सोळाही पडदे एकदम थिजले. पाहुण्यांसमोर.

त्रिमितीय मॉडेल फिरवून बघायचा प्रोग्रॅम एक्समधून उघडतच नाही. ‘ओपनजीएल’ बद्दल काहीतरी तक्रार करून बंद पडतो. बाकी सगळं चालतं.

ओपनजीएलच्या, म्हणजे त्रिमितीय चित्रं काढायच्या, आज्ञा नेटवर्कवरून पडद्याकडे पाठवायची जी जुनी पद्धत होती, ती एक्सऑर्गनं 1.17 या आवृत्तीपासून मुळात बंद करून ठेवली. सेटिंग बदलून ती उघडता येते, पण हलकी मॉडेलं सोडली तर हाती काही लागत नाही. व्हर्च्युअलजीएल आणि त्याच्या जोडीला टर्बोव्हीएनसी बसवून घ्या. मॉडेल तिकडच्या ग्राफिक्स कार्डावर फिरतं आणि इकडे फक्त चित्र येतं.

एक्स सर्व्हर चालू असला की विंडोजमधलं कॉपी-पेस्ट बिघडतं. वर्डमधून परिच्छेद कॉपी करते, आणि पेस्ट केला की भलतंच काहीतरी उमटतं. काल साहेबांच्या पत्रात एका फाइलचा पत्ता गेला.

एक्समध्ये मजकूर नुसता माउसनं निवडला तरी तो कॉपी झालेला धरतात आणि मधलं बटण दाबलं की पेस्ट होतो. तुम्ही वर्डमधून कॉपी केलंत, मग टर्मिनलमध्ये सहज तो पत्ता निवडला, आणि त्यानं वर्डचा परिच्छेद पुसून टाकला. व्हीसीएक्सएसआरव्ही सुरू करताना ‘एक्स्ट्रा सेटिंग्ज’च्या पानावर ‘क्लिपबोर्ड’च्या खाली ‘प्रायमरी सिलेक्शन’ आहे. क्लिपबोर्डची टिक राहू द्या, त्याच्या खालची काढा. तशी मांडणी फाइलमध्ये सेव्ह करून घ्या आणि यापुढे त्या फाइलवरच डबल क्लिक करून सर्व्हर सुरू करा, नाहीतर उद्या ती टिक परत आलेली असेल.